पालापाचोळ्याची गोणी घंटागाडीत का घेत नाहीत?

माघ सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. जंगली बदाम, साग, पिंपळ आणि शिरीष एकापाठोपाठ एक पाने टाकू लागतात, आणि अंगण असलेल्या प्रत्येक घराच्या कुंपणाशी पालापाचोळ्याने फुगलेल्या गोण्या रांगेने उभ्या राहतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर दिले आहे, कारण उरलेल्या बहुतेक शंकांचे मूळ त्यांच्यातच आहे.

प्रश्न : आमच्या पाच बंगल्यांच्या सोसायटीत आंबा, जंगली बदाम आणि गुलमोहर मिळून अकरा झाडे आहेत. ओला आणि सुका कचरा आम्ही वेगळा देतो, दरमहा शुल्कही भरतो. तरीही कचरा न्यायला येणाऱ्या ताई पानांच्या गोण्या घेत नाहीत. पाने वाळलेली आहेत म्हणून सुक्या कचऱ्यात दिली तर त्या परत करतात, ओल्यात मिसळून दिली तर पुढचा गाडीवाला त्यांनाच बोलतो. हा कचरा नेमका कोणत्या प्रकारात मोडतो आणि तो उचलण्याची जबाबदारी कोणाची?
(एक वाचक, सहकारनगर, पुणे)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. बागेतील कचरा ओल्या डब्यातलाही नाही आणि सुक्या डब्यातलाही नाही. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही बाब स्पष्ट लिहून ठेवली होती : ज्याच्या आवारात बागेचा कचरा निर्माण होतो त्याने तो आपल्याच आवारात स्वतंत्र साठवावा आणि स्थानिक संस्था वेळोवेळी देईल त्या सूचनांनुसार त्याची विल्हेवाट लावावी. त्याच नियमांनी नगरपालिका आणि महापालिकांनाही सांगितले होते की उद्याने आणि बागांमधील कचरा वेगळा गोळा करावा आणि शक्य तितकी प्रक्रिया उद्यानांमध्येच करावी. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पानांसाठी घंटागाडी नव्हतीच, बागेचे बागेत जिरवणे हीच कल्पना होती. आपण भरता ते शुल्क घरगुती कचऱ्याच्या दारोदार संकलनाचे आहे, आणि ताईंनी गोणी नाकारली यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

यामागचे व्यावहारिक कारणही समजून घ्यावे. वाळलेल्या पानांची फुगलेली गोणी उचलून पाहिली तर जेमतेम पाच-सात किलोची भरते, पण ढकलगाडीवर ती चार-पाच घरांच्या कचऱ्याची जागा खाते. आपल्या सोसायटीच्या तीन गोण्या चढल्या की गल्लीतल्या उरलेल्या घरांचा कचरा ठेवायला ताईंच्या गाडीवर जागा राहत नाही. एका फेरीचे दोन फेरे झाले तर त्या वाढीव कष्टाचे पैसे त्यांना कोणी देत नाही. सुक्या कचऱ्यातून कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू वेगळे काढून त्यांना चार पैसे मिळतात; पानांतून काहीच मिळत नाही, उलट पानांचा चुरा आणि दव कागदाला लागून कागदाचा भाव पडतो.

आता ओल्या कचऱ्याचे. आपण विचाराल की पानेही कुजतात, मग भाजीच्या देठांबरोबर ती का चालू नयेत? पुण्यासह अनेक शहरांत ओल्या कचऱ्याचा काही भाग बायोगॅस प्रकल्पांकडे जातो. तेथे हवाबंद टाकीत जिवाणू काम करतात. शिळा भात, फळांच्या साली, उष्टे अन्न ते झपाट्याने पचवतात. पण वाळलेल्या पानांत आणि काटक्यांत लिग्निन नावाचा जो काष्ठमय घटक असतो तो हवेविना जगणाऱ्या या जिवाणूंना जवळजवळ पचतच नाही. तो टाकीत वर तरंगून साय धरतो किंवा तळाशी बसून नळ तुंबवतो. निसर्गात लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते आणि तिला हवा लागते. खतप्रकल्पात पाने चालतात, किंबहुना हवी असतात, परंतु आपली गोणी कोणत्या प्रकल्पाकडे जाणार हे गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीवाल्याच्या हातात नसते. हे सगळे टळून ती गोणी शेवटी कचरा डेपोच्या ढिगाखाली गाडली गेली, तर तेथे हवा नसल्यामुळे हळूहळू मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते.

तेव्हा पुढील व्यवस्था सुचवतो. प्रथम आपल्या भागातील आरोग्य कोठीत (महापालिकेच्या सफाई कार्यालयात) जाऊन आरोग्य निरीक्षकांना भेटावे आणि बागेच्या कचऱ्यासाठी वेगळे वाहन येते का, कोणत्या वारी येते, शुल्क किती आणि गोण्या कशा बांधून ठेवायच्या, हे विचारून घ्यावे. प्रत्येक शहरात, कधी कधी प्रभागागणिक, ही पद्धत निराळी असते. शेजारच्या सोसायटीने सांगितले म्हणून गृहीत धरू नये. दुसरे, आवारातला कचरा जाडीप्रमाणे वेगळा करण्याची सवय माळीबुवांना लावावी : पाने आणि गवत एकीकडे, करंगळीएवढ्या काटक्या दुसरीकडे आणि त्याहून जाड फांद्या तिसरीकडे. हे तीन जिन्नस एकाच गोणीत कोंबले की कोणालाच नकोसे होतात. वेगळे ठेवले तर पाने खतासाठी कामास येतात, काटक्या खताच्या ढिगाच्या तळाशी हवा खेळती ठेवायला उपयोगी पडतात आणि फांद्यांना सरपण म्हणून बहुतेक वेळा गिऱ्हाईक मिळते. गोणीत दोऱ्या, गुटख्याच्या पुड्या आणि पतंगाचा मांजा येऊ देऊ नये. झाडलोटीतून आलेल्या पानांत ते हमखास असते.

शेवटचे, आपल्याला नको असलेली पाने कोणाला तरी हवी असतात. गच्चीवर बाग करणारे लोक कुंड्या भरण्यासाठी वाळकी पाने शोधत फिरतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या नावाने पाने देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देण्याचे काम चालते. आपल्या अकरा झाडांची पाने घ्यायला कोणी दारापर्यंत आले तर आश्चर्य मानू नये.

प्रश्न : आपल्याच सदरात वाचून मी अंगणाच्या कोपऱ्यात पानांचा ढीग केला. आठ महिने झाले. वरची पाने जशी होती तशीच आहेत, आत मुंग्या झाल्या आहेत. खत काही होत नाही. पाने सगळी आंब्याची आणि थोडी फणसाची आहेत.
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपण धीर धरलात, पण ढिगाला जे हवे होते ते मिळाले नाही. मुंग्या हे ढीग कोरडा असल्याचे चिन्ह आहे. आंबा आणि फणस यांची पाने चामट असतात, त्यांच्यावर मेणासारखा थर असतो आणि वरून मारलेले पाणी त्यावरून घसरून जाते. आपण नळी धरून रोज पाणी घातले असेल तरी आतली पाने कोरडीच राहिली असणार.

कुजण्याचे गणित थोडक्यात असे आहे. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब (कार्बन) लागतो आणि शरीर वाढवण्यासाठी नत्र (नायट्रोजन) लागते. एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब असे प्रमाण असले तर काम वेगाने चालते. वाळक्या पानांत हे प्रमाण सर्वसाधारणपणे एकास चाळीस ते ऐंशीच्या घरात असते, म्हणजे नत्राची मोठी तूट. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात उलट परिस्थिती असते : नत्र पुरेसे, पाणी जास्त, त्यामुळे नुसता तोच साठवला तर चिखल होऊन वास सुटतो. या दोन जिनसांना एकमेकांची गरज आहे, आणि आपण मात्र एकाला गोणीत भरून आणि दुसऱ्याला डब्यात भरून दोन वेगळ्या वाटांनी घराबाहेर घालवतो, हे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

आता कृती. ढीग मोडावा. पाने फरशीवर पसरून पायाने तुडवावी किंवा गवत कापण्याचे यंत्र त्यावरून फिरवावे. तुकडे जितके लहान तितकी बुरशीला शिरायला जागा जास्त. मग ती पिंपात किंवा हौदात रात्रभर भिजत घालावी. चौकोनी भोकांची तारेची जाळी आणून तिचा सुमारे तीन फूट व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा गोल उभा करावा. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. तळाशी काटक्यांचा वीतभर थर, त्यावर भिजवलेल्या पानांचा थर, त्यावर ओला कचरा, हिरवे गवत किंवा गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला यांचा पातळ थर, आणि वरून शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), असे थर लावत जावे. पानांचे आकारमान ओल्या जिनसांच्या दुप्पट-तिप्पट असले तर चालते. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर चटका बसावा इतका तो तापतो, साठ अंश सेल्सिअसपर्यंतही जातो. तापणे ओसरले की ढीग खालीवर करावा. मूठभर माल पिळला असता बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब यावा इतकीच ओल ठेवावी. धार लागली तर वाळकी पाने वाढवावी, काहीच आले नाही तर पाणी घालावे.

गुलमोहर, शिरीष, चिंच यांची बारीक पर्णदले अशा ढिगात तीन महिन्यांत मातीसारखी होतात. आंब्याला आणि जंगली बदामाला दुप्पट वेळ द्यावा लागतो. तेवढी घाई नसेल तर आंब्याची पाने खताच्या भानगडीत न पाडता झाडाच्या आळ्यातच चार-सहा बोटे जाडीने पसरावी. उन्हाळ्यात जमिनीतली ओल टिकते, तण दबते आणि पावसाळा संपेपर्यंत खालचा थर आपोआप मातीला मिळतो. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, कारण साल सतत ओली राहिली की कुजते. सापविंचवाची भीती असल्यास ढीग घराच्या भिंतीला आणि पायवाटेला लागून करू नये आणि उपसताना हाताऐवजी फावडे वापरावे. या भीतीची मी थट्टा करणार नाही; कोरडा, महिनोन्महिने न हलवलेला ढीग ही त्यांची आवडती जागा असते. तापणारा आणि वरचेवर उलटला जाणारा ढीग मात्र त्यांना मानवत नाही.

पुणे महापालिका गांडूळखताची सोय चालू ठेवणाऱ्या मिळकतींना मालमत्ता करात सवलत देते. नाशिकला आपल्यासाठी अशी काही योजना आहे का, हे कर विभागात अवश्य विचारावे.

प्रश्न : आमच्या इमारतीचे वॉचमन रोज पहाटे पाने गोळा करून कुंपणाशी पेटवतात. मला दमा आहे. सचिवांना सांगितले तर ते म्हणतात, पाने नैसर्गिक आहेत, धूर थोडाच वेळ राहतो आणि राख झाडांना चांगली असते.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पाने नैसर्गिक आहेत म्हणून त्यांचा धूर निरुपद्रवी होत नाही. अर्धवट ओली पाने धुमसत जळतात आणि धुमसण्यातूनच अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त बाहेर पडतात. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे तो धूर वर न जाता पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपाशीच रेंगाळतो. राखेत पालाश (पोटॅश) मिळते हे खरे, परंतु नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत उडून जातो, आणि जमिनीला गरज त्याचीच अधिक असते.

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये अशी पर्यावरणीय भरपाई ठरवून दिली. सचिवांना हे लेखी कळवावे आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. तरीही पेटवणे थांबले नाही, तर दिनांक आणि वेळ दिसणाऱ्या छायाचित्रासह प्रभाग कार्यालयातील घनकचरा विभागाकडे तक्रार करावी. वॉचमनना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना झाडायला सांगितले जाते, झाडलेले कोठे ठेवायचे हे कोणी सांगत नाही. आणि होळीचा महिना जवळ आला आहे म्हणून सांगतो, वर्षभराचा पालापाचोळा त्या एका रात्री उरकून टाकायचा बेत काही गृहसंस्था करतात, तो सणाच्या नावाखाली कचरा जाळण्याचाच प्रकार आहे.

प्रश्न : मी मूळची रत्नागिरीची, आता ठाण्यात राहते. गावी माडाचे चुडत कधी वाया गेलेले पाहिले नाही. येथे आमच्या सोसायटीत नऊ माड आहेत आणि पडलेल्या झावळ्या कोणीच नेत नाही. कचऱ्याच्या गाडीत त्या मावत नाहीत. काय करावे?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : गावी आपण पाहिले असेल, चुडताचे झाप विणले जात, हिरांचे (पात्यांमधल्या कडक काड्यांचे) खराटे होत, पोय (फुलोऱ्यावरचे आवरण) आणि सोडणे (नारळाची साले) चुलीत जात, आणि जे उरे ते माडाच्याच आळ्यात पडे. ठाण्यात चूल नाही, झाप लागत नाहीत आणि विणणारे हातही नाहीत. तरी खराट्याचे हीर काढून देणारी एखादी बाई अजून सापडते. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारून पाहावे. उरलेल्या झावळीची पाती दांड्यापासून कोयत्याने सोडवून वीतभर तुकडे करावे. केरळातील कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने माडाच्या झावळ्यांपासून गांडूळखत करण्याची पद्धत बसवलेली आहे. पाती आधी शेणकाल्यात काही आठवडे मुरू द्यायची आणि मग गांडुळे सोडायची, हे तिचे मर्म. जाड दांडा मात्र त्यात घालू नये, तो वेगळा सुकवून सरपणाला द्यावा.

एक सावधगिरी माडवाल्यांनी विसरू नये. गेंड्या भुंगा आपली अंडी कुजणाऱ्या सेंद्रिय ढिगात आणि मेलेल्या माडाच्या खोडात घालतो, आणि पुढे तोच माडाच्या सुईत (शेंड्यातल्या न उमललेल्या पानात) शिरून कोवळी पाने कुरतडतो. नवीन उमललेल्या झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी खाचे दिसले तर तो आला असे समजावे. म्हणून खताचा ढीग दर दोन महिन्यांनी उपसून पाहावा आणि पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या जाड अळ्या दिसल्यास वेचून नष्ट कराव्या.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटून घेतल्या. छाटणाऱ्याने त्या पदपथावर टाकल्या आणि निघून गेला. आता नोटीस आम्हाला आली आहे.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नोटीस योग्य व्यक्तीला आली आहे. कचरा ज्याच्या आवारातला, त्याचीच ती जबाबदारी. तो बाहेर रस्त्यावर टाकणे २०१६ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले होते. यापुढे छाटणीचा दर ठरवतानाच फांद्या उचलून नेण्याची अट लेखी घालावी आणि काही रक्कम जागा साफ होईपर्यंत हातची राखावी. छाटणीसाठी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का, हे आपण लिहिलेले नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा पोहोचवणे हेही तोडण्यात धरले जाते. परवानगी असेल तर तिची प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडावी.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. बाबा पुण्याहून आले आहेत. त्यांनी मोठ्या हौसेने अंगणातील पाने काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या दिवशी दाराशी ठेवली. ट्रकने बाकी सर्व नेले आणि पिशव्या तशाच राहिल्या. शिवाय अंगणात एक गवत पाहून ते म्हणाले, हे तर आपले गाजरगवत! ते खरेच तसे असू शकेल का, आणि ते कोठे टाकावे?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : न्यू जर्सीमध्ये झाडांची पाने कचरा भरावात टाकण्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे घरगुती कचऱ्याचा ट्रक ती घेत नाही. आपल्या टाऊनशिपचे पाने उचलण्याचे वेळापत्रक वेगळे असेल. कोठे कागदी पिशवी लागते, तर कोठे पाने मोकळीच कडेला रचायची असतात. मोकळी रचताना पावसाच्या पाण्याच्या जाळीपासून दहा फूट अंतर ठेवावे आणि ठरलेल्या तारखेच्या सात दिवसांहून आधी ती बाहेर काढू नये, असा नियम तेथील अनेक गावांत आहे. पानांतील स्फुरद (फॉस्फरस) पावसाबरोबर ओढ्यातळ्यांत उतरून शेवाळ माजते, हे त्याचे कारण. बाबांना प्लॅस्टिकच्या पिशव्या फोडून पाने मोकळी करायला सांगावे.

गाजरगवताबद्दल म्हणाल तर ते मूळचे अमेरिका खंडातलेच आहे. भारतात त्याच्या फैलावाची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यातच झाली, त्यामुळे बाबांनी ते ओळखण्यात चूक केली असेल असे वाटत नाही. मात्र त्याच्यासारखी पाने असलेले रॅगवीड तेथे फार बोकाळते. दोन्हींची अॅलर्जी होते, म्हणून ओळख पटेपर्यंत हातमोजे घालूनच उपटावे. पांढरी बारीक फुले येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खताच्या ढिगात चालते. फुले आल्यानंतरचे घालू नये, कारण एका झाडापासून हजारो बिया होतात आणि घरगुती ढिगाच्या कडेला त्या मरतील इतकी उष्णता पोहोचत नाही. फुललेली झाडे पिशवीत बंद करावी आणि ती कोणत्या गाडीत द्यायची हे टाऊनशिपच्या कार्यालयात विचारून घ्यावे. पानांच्या ढिगात ती मिसळू नयेत.